ओपन सोर्स संगीत सॉफ्टवेअरच्या व्हिडिओ बैठका कशा घ्याव्यात? (आमच्या पहिल्या बैठकीत पॅड कोणालाच ऐकू आला नाही)

काळी_दोन

नमस्कार मंडळी,

मी एका लहानशा ओपन सोर्स सिक्वेन्सरच्या (संगणकावर सूर-ताल रचून वाजवायच्या सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पात मदतपानं आणि भाषांतराचं काम बघते. नेमाने कोड लिहिणारे चौघं, अधूनमधून पॅच (कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या) पाठवणारे दहा-बारा, आणि बाकी माझ्यासारखे: प्रीसेट (तयार आवाज) बनवणारे, बग कळवणारे, नवख्यांना उत्तरं देणारे. माणसं चार खंडांत विखुरलेली. आजवर सगळा कारभार लिहूनच चालला. गेल्या महिन्यात म्हटलं, एकदा सगळ्यांनी एकमेकांचे आवाज तरी ऐकूया, आणि पहिली व्हिडिओ बैठक घेतली.

२१ जण आले. पहिली १५ मिनिटं ‘माझा आवाज येतोय का’ यात गेली, ते गृहीतच धरलं होतं. मग आमच्यातला एक जण, प्रकल्पासाठी सिंथचे (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या वाद्याचे) प्रीसेट बनवणारा, नवा पॅड, म्हणजे लांब पसरणारा आवाज, ऐकवायला बसला. दोन महिने खपला होता त्यावर. खर्जातला एक लांब सूर आणि त्यावर हळूहळू उमलत जाणारे स्वर, असं त्याने आधी लिहून सांगितलं होतं. त्याने पट्टी दाबली. स्क्रीनवर लेव्हलचं मीटर हलताना आम्हाला दिसत होतं. कानाला मात्र अर्धा सेकंद ‘हूं’ असा सूर आला, मग पाण्याखालून यावी तशी गुळगुळ, मग काहीच नाही. तो डोळे मिटून मिनिटभर वाजवत राहिला. थांबून त्याने विचारलं, ‘कसा वाटला?’ कोणी बोलेना. शेवटी कोणीतरी ‘छान’ म्हणालं. त्याने पुन्हा विचारलं, ‘आणि शेवटचा भाग?’ परत शांतता. मग त्याच्या लक्षात आलं. कॅमेरा बंद झाला आणि तास संपेपर्यंत तो बोलला नाही. त्यानंतर पंधरा दिवस त्याचा एकही संदेश नाही.

बैठक मी बोलावली होती, म्हणून हे मनाला फार लागलंय. पुढची बैठक घ्यायची आहे, पण अशी नाही. कोणतं साधन वापरता, आवाज नीट कसा पोचवता, वेळ कशी ठरवता, बैठकीत निर्णय घेता का? जे माहीत असेल ते सगळं सांगा.

बफर२५६

तुमच्या मित्राचा पॅड ब्राउझरने गिळला. व्हिडिओ कॉलची यंत्रणा माणसाचं बोलणं पोचवायला बांधलेली असते. माइकचा आवाज बाहेर पडण्याआधी ब्राउझर त्यावर तीन संस्कार करतो: प्रतिध्वनी काढणं (एको कॅन्सलेशन), गोंगाट काढणं (नॉइज सप्रेशन) आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करणं (ऑटो गेन).

यातलं गोंगाट काढणं तुमच्या बैठकीत नडलं. ते कसं ओळखतं की गोंगाट कोणता? बोलणं सतत बदलत असतं, अक्षर संपतं, श्वास येतो. पंखा बदलत नाही, एसी बदलत नाही. जे एकसारखं चालू राहतं ते नको असलेलं, असा त्याचा हिशेब. आता लांब खर्जाचा पॅड त्याच्या नजरेतून बघा. पहिला अर्धा सेकंद ते अंदाज घेतं, तेवढाच तुम्हाला ऐकू आला, आणि मग ‘हा पंखा दिसतोय’ म्हणून पुसून टाकतं. तंबोऱ्याचंही हेच होतं. ड्रमचे ठोके त्या मानाने बरे पोचतात, म्हणून कित्येकांना वर्षानुवर्षं ही अडचण कळतही नाही.

ऑटो गेनचा त्रास वेगळा. रिव्हर्बची (आवाज घुमण्याची) शेपटी विरायला लागली की तो ती वर ओढतो, त्यामुळे शेपटी विरतच नाही, उलट फुगते. आणि एको कॅन्सलेशन चालू असताना दुसरं कोणी नुसतं ‘वा’ म्हणालं तरी वाजवणाऱ्याचा आवाज मधूनच तुटतो.

बरेच जण कोडेकला (आवाज दाबून पाठवणाऱ्या भागाला) नावं ठेवतात. ते चूक आहे. वेबआरटीसीत (ब्राउझरमधल्या कॉलच्या तंत्रात) आवाज ऑपस या कोडेकमधून जातो. ऑपस हा २०१२ सालचा खुला मानक आहे (आरएफसी ६७१६), ४८ किलोहर्ट्झ घेतो, सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत चालतो आणि संगीत उत्तम पोचवतो. त्याच्या हाती पडण्याआधीच सूर मेलेला असतो.

जित्सी मीट या ओपन सोर्स बैठकीच्या साधनात हे तिन्ही संस्कार एकदम बंद करायची सेटिंग आहे, बैठकीच्या खोलीच्या दुव्याच्या शेवटी ती जोडताही येते. स्टिरिओसाठी वेगळी. एकच गोष्ट सांभाळा: संस्कार बंद केलेल्या माणसाने हेडफोन लावलाच पाहिजे. नाहीतर त्याच्या स्पीकरमधून निघालेला प्रत्येकाचा आवाज माइकमधून परत सगळ्यांकडे जातो.

नवखी_बोटं

वाचनखूण साठवली. आमच्या गटात हे महिनोन्‌महिने चाललं होतं आणि आम्ही एका बिचाऱ्याच्या इंटरनेटला दोष देत होतो.

एक शंका. माइकऐवजी सिक्वेन्सरचा आवाज थेट ब्राउझरमध्ये नेला तर संस्कार टळतात का?

बफर२५६

नाही टळत. ब्राउझरला इनपुट म्हणून जे द्याल त्यावर तो संस्कार करतो, मग तो माइक असो की आभासी वायर (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात नेणारी). पण थेट नेणं चांगलंच, कारण खोलीचा आवाज मधे येत नाही.

लिनक्सवर पाइपवायर (आवाज इकडून तिकडे नेणारी यंत्रणा) असेल तर काम सोपं झालंय: क्यूपीडब्ल्यूग्राफ उघडायचं आणि सिक्वेन्सरच्या आउटपुटमधून ब्राउझरच्या इनपुटपर्यंत रेघ ओढायची. ब्राउझरचा आउटपुट मात्र चुकूनही परत त्याच्याच इनपुटला जोडू नका. लोकांना स्वतःचं बोलणं पाव सेकंदाने ऐकू येतं आणि वाक्य पुरं करणं अशक्य होतं. जॅक ही आवाजाची जुनी यंत्रणा वापरणाऱ्यांची अडचण अशी की जॅक साउंडकार्ड स्वतःच्या ताब्यात घेतो आणि ब्राउझर मुका होतो. विंडोजवर काही एसिओ (साउंडकार्डशी थेट बोलणारे) ड्रायव्हर तेच करतात. बैठकीच्या सुरुवातीला ‘मला काहीच ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्यांत असे बरेच असतात, त्यांना आधी सिक्वेन्सर बंद करायला सांगा. मॅकवर ब्लॅकहोल नावाची ओपन सोर्स आभासी वायर आहे.

खर्ज

तो मीच.

धागा एका मित्राने पाठवला. काळी_दोन, तुमच्यावर माझा राग नव्हता. मी खरंच समजलो की प्रीसेट टाकाऊ आहे आणि कोणाला बोलायचं धाडस होत नाहीये. दोन महिने एकट्याने ऐकलं की कानाचा भरवसा राहत नाही. त्या रात्री फाइल जवळजवळ उडवली होती. नंतर इथलं पंख्याचं वाचलं, मग दुसऱ्या यंत्रावरून स्वतःच्याच ऑनलाइन खोलीत शिरून स्वतःला ऐकलं. अगदी तुम्ही लिहिलंय तसंच, अर्धा सेकंद आणि मग गुळगुळ. तुम्ही ते इतकं नेमकं लिहिलं नसतं तर मला कधी कळलं नसतं.

काळी_दोन

खर्जदादा, काय बोलू. फाइल उडवली नाहीत हे फार बरं झालं. आणि चूक माझीच: ‘आम्हाला ऐकू येत नाहीये’ हे तेव्हाच्या तेव्हा म्हणायला हवं होतं. मला वाटलं माझ्याच हेडफोनचं काहीतरी बिघडलंय. नंतर दहा जणांना विचारलं तर दहाही जणांना तसंच वाटलं होतं.

समेवर

म्हणूनच आमच्याकडे नियम आहे: काही ऐकवायच्या आधी वाजवणारा एखाद-दोन माणसांना नावाने विचारतो, ‘ऐकू येतंय?’, आणि त्यांनी ऐकू आलं त्याचं वर्णन करायचं. नुसतं ‘हो’ चालत नाही. ‘खालचा सूर आहे, वर घंटेसारखं काहीतरी आहे’ असं सांगायचं. दहा सेकंदांचं काम. सगळ्यांना मिळून विचारलं तर कोणीच उत्तर देत नाही, हा माझा अनुभव.

पण मी एक पाऊल पुढे जाऊन सांगेन: बैठकीत थेट वाजवूच नका, निदान नेहमी नको. २०२१ साली फॉसडेम ही मोठी ओपन सोर्स परिषद पूर्णपणे ऑनलाइन झाली. तिथे भाषणं आधीच ध्वनिमुद्रित करून घेतली होती, आणि ती दाखवली जात असताना वक्ता प्रश्नोत्तरांना जिवंत हजर. मॅट्रिक्सवर गप्पा, जित्सीवर प्रश्नोत्तरं. आम्ही त्यावरून धडा घेतला. ज्याला काही ऐकवायचंय तो दोन दिवस आधी फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल ठेवतो, सोबत प्रकल्पाची फाइलही. बैठकीत वाजवायची वेळ आली की सगळे माइक बंद, तीन-दोन-एक, आणि प्रत्येक जण आपापल्या यंत्रावर, आपापल्या चांगल्या हेडफोनवर ऐकतो. मग माइक उघडायचे. गंमत म्हणजे सगळे एकाच वेळी गप्प बसून ऐकताहेत हे दिसतं, त्याचा एक वेगळाच परिणाम होतो. डोळे मिटलेले, मान हलतेय. ऐकून झाल्यावरची चर्चा तुम्ही स्वतः अनुभवून बघा.

थेट आवाज फक्त दुरुस्तीसाठी. ‘मी हा नॉब फिरवला की असं होतं’ हे थेटच दाखवावं लागतं.

ठेका

मला वेगळंच विचारायचंय. बैठकीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून काहीतरी वाजवायचं ठेवलं तर? लोक त्यासाठी नक्की थांबतील.

बफर२५६

ठेका, इच्छा सगळ्यांची असते, पण व्हिडिओ कॉलवर ते होत नाही, आणि वेगवान इंटरनेट घेऊनही होणार नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे मंचावर तुमच्यापासून १० मीटर लांब उभा असलेला माणूस तुम्हाला जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. साधारण तिथपर्यंत लय धरता येते. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय खाली खाली बसत जाते. आता तारेचा हिशेब करा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दोघांमध्ये ८,००० किलोमीटर असतील तर नुसत्या वाटेतच ४० मिलिसेकंद गेले. वर साउंडकार्डचा बफर (आवाजाचा छोटा तात्पुरता साठा), कोडेक, आणि कॉलचं सॉफ्टवेअर पॅकेटं उशिरा आली तर तुटू नये म्हणून मुद्दाम राखून ठेवतं तो वेळ.

एकाच भागात राहणारे दोघं-तिघं असाल तर जॅमुलस, सोनोबस किंवा जॅकट्रिप बघा. तिन्ही ओपन सोर्स, तिन्ही संगीतासाठीच बनवलेली. जॅकट्रिप स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत संशोधन केंद्रातून आलं आणि आवाज न दाबता पाठवतं, म्हणून त्याला वायरचं इंटरनेट लागतं. वायफायवर प्रयत्नच करू नका.

आणि चार खंडांवर असाल तर निनजॅम. मला त्याची कल्पना फार आवडते. उशीर टाळता येत नाही ना, मग तो मुद्दाम वाढवायचा: प्रत्येकाला बाकीच्यांचं मागचं आवर्तन ऐकू येतं, तेही बरोबर समेवर. तुम्ही आत्ता वाजवताय ते लोकांना पुढच्या आवर्तनात ऐकू येणार. सूर बदलत राहणाऱ्या गाण्याला ते जमत नाही, पण एका सुरावर, एका ठेक्यावर तासभर मजेत जातो.

ठेका

मागचं आवर्तन! हे करून बघणारच. धन्यवाद.

लूप_चालू

जित्सीबद्दल मदत हवी आहे. आमच्या प्रकल्पासाठी मी स्वतःचा सर्व्हर उभा केला. मी आणि एक मैत्रीण, तासभर बोललो, सुंदर चाललं. बैठकीच्या दिवशी तिसरा माणूस आला आणि तत्क्षणी सगळ्यांचे आवाज आणि चित्रं गायब. तो बाहेर पडला की परत सुरू. दोन संध्याकाळी यात गेल्या.

बफर२५६

यूडीपी पोर्ट १०००० (सर्व्हरवर आवाज-चित्र येण्याचं दार) उघडा आहे का ते बघा. जित्सीत खोलीत दोघंच असतील तर ते एकमेकांशी थेट जोडले जातात, सर्व्हरचा व्हिडिओब्रिज (सगळ्यांचे आवाज-चित्रं सगळ्यांना वाटणारा भाग) वापरातच येत नाही. तिसरा आला की सगळे ब्रिजकडे वळतात, आणि फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद असेल तर काहीच पोचत नाही. पोर्ट उघडूनही झालं नाही तर ब्रिजला सर्व्हरचा बाहेरचा पत्ता ठाऊक आहे का ते तपासा. यापुढे चाचणी नेहमी तिघांनी करायची.

लूप_चालू

पोर्टच होतं! चालू झालं. आता पाच जण आहोत.

सर्व्हर उभा करायचा नसेल त्यांच्यासाठी माहिती: जित्सीची सार्वजनिक सेवा आहेच, फक्त ऑगस्ट २०२३ पासून खोली उघडणाऱ्या एकाला तरी खात्याने आत यावं लागतं. बाकीचे पूर्वीसारखे नुसत्या दुव्यावरून येतात. ज्यांचं इंटरनेट अगदीच अशक्त आहे त्यांच्यासाठी आम्ही मंबलची खोलीही ठेवतो. फक्त आवाज, कमी विलंब, बटण दाबून बोला. सेकंदाला ४० किलोबिट धरले तर तासाला १८ मेगाबाइट, आणि साधं १ मेगाबिटचं चित्र तासाला ४५० मेगाबाइट खातं. कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला कोणी कारण विचारू नये, एवढं मात्र आधीच ठरवून टाका.

पहाटवारा

मी या धाग्यावर मुद्दाम आले, कारण साधनांवर सगळे बोलतात आणि वेळेवर कोणी बोलत नाही. मी एका ओपन सोर्स नोटेशनच्या (स्वरलिपीच्या) प्रकल्पात चार वर्षं आहे. बैठक दर महिन्याला, बहुतेकांच्या सोयीने. माझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पहिलं वर्ष गजर लावून उठले. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायचे, हेडफोनमध्ये लोकांचं हसणं, आणि मी कुजबुजत बोलायची. दुसऱ्या वर्षी जाणं सोडलं. मग कळलं की मी लिहिलेला एक अख्खा विभाग काढून टाकायचं बैठकीत ठरलं. कोणी दुष्टपणा केला नव्हता. त्या तासाला मी नव्हते, इतकंच.

म्हणून दोन विनंत्या. वेळ नेहमी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. ‘लंडनची वेळ’ किंवा ‘न्यूयॉर्कची वेळ’ लिहू नका, कारण अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सगळ्यांचा हिशेब चुकतो. शरद ऋतूत पुन्हा आठवडाभर तोच घोळ. दक्षिण गोलार्धात जिथे घड्याळ बदलतात तिथे ते उलट दिशेने जातं, आणि जगातल्या बहुतेक देशांत घड्याळ बदलतच नाही. कॅलेंडरची फाइल सोबत द्या, ती प्रत्येकाच्या वेळेत आपोआप बसते.

दुसरी विनंती जास्त महत्त्वाची. दोन वेळा ठेवा, एका महिन्यात ०७:०० यूटीसी, पुढच्या महिन्यात १९:००. दर महिन्याला कोणालातरी पहाटे उठावं लागणारच आहे. ते दरवेळी एकाच माणसाला नको.

काळी_दोन

पहाटवाराताई, तुम्ही लिहिलेलं वाचून थांबले. आमच्या गटातल्या तिघांची यादी डोळ्यांपुढे आली. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. दोन वेळा ठेवतेय.

समेवर

निर्णयांबद्दल. इंटरनेटचे मानक ठरवणारी आयईटीएफ ही संस्था बघा, ऑपसचा मानकही तिथूनच आला. त्यांच्या बैठकांत हात वर करून मतदान करण्याऐवजी गुणगुणायची जुनी पद्धत आहे: या बाजूचे लोक ‘हम्म’ करा, आता त्या बाजूचे. त्यावर २०१४ चा एक अख्खा दस्तऐवज आहे, आरएफसी ७२८२. मोजायचं काही नसतं, खोलीचा कल कानाने घ्यायचा आणि विरोध करणाऱ्याचं म्हणणं खरंच ऐकलं गेलं का ते बघायचं. आपल्यासारख्यांना हे जवळचं वाटावं. ऑनलाइन ते होत नाही, कारण वीस जणांचं गुणगुणणं म्हणजे ब्राउझरच्या लेखी पंखाच. पण त्यांचा दुसरा नियम जसाच्या तसा उचला: बैठकीत कल कळतो, निर्णय नंतर मेलिंग लिस्टवर पक्का होतो, म्हणजे न आलेल्यालाही बोलता येतं.

आम्ही बैठकीनंतर सात दिवस ठेवतो. टिपण एका सामायिक पानावर बैठक चालू असतानाच लिहिलं जातं, इथरपॅड किंवा हेजडॉक, काहीही चालेल. लिहिणारा आणि बैठक चालवणारा वेगवेगळे ठेवा, एकाला दोन्ही जमत नाही. डेबियनचे (लिनक्सची एक आवृत्ती बनवणारे) लोक आयआरसीवरच्या (लिखित गप्पांच्या जुन्या सेवेवरच्या) बैठकांत मीटबॉट वापरत आलेत: ‘ठरलं’, ‘काम कोणाकडे’ असे शब्द खुणेसह लिहिले की बॉट आपोआप टिपण तयार करतो. शब्द ठरलेले असण्याचा फायदा असा की महिन्याभराने टिपण उघडलं तरी कोणाकडे काय आलं ते एका नजरेत दिसतं.

रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीला विचारा, आणि एकाने जरी नको म्हटलं तर करू नका. टिपण पुरतं.

कानसेन

मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडर वापरतो आणि गेली सहा वर्षं एका ओपन सोर्स मिक्सिंगच्या प्रकल्पात चाचण्या करतो. बैठकांबद्दल दोन शब्द.

तुम्ही स्क्रीन शेअर करता तेव्हा माझ्या यंत्राला ते एक चित्र असतं. त्यातला एकही शब्द स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. ‘हे बघा, इथे क्लिक केलं की हा लाल होतो’ या वाक्यातून मला काही मिळत नाही. ‘ट्रॅकच्या मेनूत रूटिंग, त्यात तिसरा पर्याय’ म्हटलंत की मी तुमच्याबरोबर माझ्या यंत्रावर तेच करत जातो. आणि असं बोललेलं टिपण घेणाऱ्यालाही लिहिता येतं.

दुसरं, चॅट. एखादा बोलत असताना चॅटमध्ये ‘हो’, ‘खरंय’, टाळ्यांची चिन्हं असा पाऊस पडतो. माझ्या कानात ते प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याच्या आवाजावर वाचलं जातं. एका कानात माणूस, दुसऱ्यात चॅट, असं करून बघितलं. पाच मिनिटांत डोकं दुखतं. बोलणं संपल्यावर लिहा.

समेवर यांनी सांगितलेली, आधी फाइल द्यायची पद्धत माझ्यासाठी सगळ्यात चांगली. ऐकण्याच्या त्या मिनिटात कोणी माझ्या पुढेही नसतं आणि मागेही नसतं.

नवखी_बोटं

कानसेनजी, आजवर ‘हे बघा’ किती वेळा म्हटलं ते आठवतेय. आजपासून नावं घेऊन बोलेन.

काळी_दोन

तीन आठवड्यांनी लिहितेय. दुसरी बैठक काल झाली, १९:०० यूटीसीला. कानसेनजींना आणि समेवर यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं.

१७ जण आले. दहा मिनिटं आधी खोली उघडून मी आणि आणखी दोघं बसलो होतो, येईल त्याचा आवाज तिथल्या तिथे तपासत. बैठक वेळेवर सुरू झाली. खर्जदादांनी चार दिवस आधी पॅडची फ्लॅक आणि प्रकल्पाची फाइल दोन्ही ठेवली होती. माइक बंद, तीन-दोन-एक, आणि सव्वा मिनिट १७ चेहरे गप्प. मी खर्जदादांचा चेहरा बघत होते. ते वाजवत नव्हते, आमच्याकडे बघत होते.

मग माइक उघडले. आधी दोघांनी नुसता श्वास सोडला. एक जण म्हणाली, वरचे स्वर येतात ते खालच्या सुरातूनच निघाल्यासारखे येतात, वेगळे ठेवल्यासारखे वाटत नाहीत. कोणी विचारलं फिल्टर कुठला, कोणी म्हणालं दोन मिनिटांपर्यंत चालायला हवा होता. वीस मिनिटं त्या एका पॅडवर गेली. कार्यक्रमपत्रिकेत सहा ठेवली होती; बाकीचे दोन विषय पुढच्या महिन्यावर ढकलले आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

आणि मग कानसेनजी म्हणाले, ‘फ्लॅक स्वच्छ आहे. पण प्रकल्पाची फाइल माझ्या यंत्रावर वाजवली की सूर सोडताना टिक् असा आवाज येतो.’ पुढचं खर्जदादा सांगतील.

खर्ज

माझ्याकडे तो टिक् नव्हता. १७ पैकी तिघांकडेच होता. पूर्वी ‘तुमच्या यंत्राचं काहीतरी आहे’ म्हणून सोडून दिलं असतं. कानसेनजींनी तिघांना एकेक करून विचारलं: कार्ड कोणतं, बफर किती, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) किती. बफर तिघांचे वेगळे. सॅम्पल रेट तिघांचाही ९६ किलोहर्ट्झ, बाकी सगळे ४८ किंवा ४४.१ वर.

तिथेच एकाने कोड उघडला आणि ओळ वाचून दाखवली, क्रमांकासकट. सूर सोडल्यावर आवाज शून्यावर आणायचा काळ सॅम्पलमध्ये लिहिलेला: २४०. ४८ वर ते ५ मिलिसेकंद होतात, कानाला कळत नाही. ९६ वर तेवढेच सॅम्पल अडीच मिलिसेकंदांत संपतात, आणि खर्जाचा सूर इतक्यात कापला की टिक् होतो. काळ मिलिसेकंदांत लिहायचा आणि चालू रेटने गुणायचा, एवढीच दुरुस्ती. ही ओळ प्रकल्पात पहिल्यापासून आहे. लिहून कळवलेल्या दोन जुन्या बगांचं मूळही बहुतेक हेच, ते तपासतोय.

कॉलवरून थेट वाजवलं असतं तर सगळ्यांनी माझ्याच यंत्राचा आवाज ऐकला असता, ४८ वरचा, आणि हा टिक् कोणाच्याच कानावर पडला नसता.

बफर२५६

मन भरून आलं वाचून. कानसेनजींनी रेट विचारला ते विशेष. मी बफरवरच अडकलो असतो.

पहाटवारा

निर्णय काही झाले का? आणि पुढची बैठक ०७:०० ला ना?

काळी_दोन

हो ताई, ०७:०० यूटीसी, कॅलेंडरची फाइल टिपणाच्या पानावर आहे. एका मुद्द्यावर कल दिसला, जुना मिक्सरचा विभाग काढायचा का यावर. सात दिवस खुला ठेवलाय. ज्या तिघांना कालची वेळ जमली नाही त्यांना वेगळं लिहून विचारलंय, एकीचं उत्तर आलं, तिचा विरोध आहे आणि कारण पटण्यासारखं आहे.

खर्ज

पॅच पाठवलाय. ८८.२, ९६ किंवा १९२ वर काम करणाऱ्या कोणाला शक्य असेल तर पॅडची फाइल उघडून खालचा सा धरा आणि सोडा. टिक् आला तर रेट आणि बफर इथे लिहा.

कानसेन

९६ वर बफर १२८ आणि ५१२, दोन्ही तपासले. टिक् गेला. १९२ चं कार्ड माझ्याकडे नाही.